वॉर्डाच्या टोकाची इदुन

मित्रांनो, इल्फर्डच्या एका हॉस्पिटलच्या बागेत, फाटकातून आत शिरल्यावर डाव्या हाताला तुम्हाला एक लाकडी बाई उभी दिसेल. तिच्या नाकाचा शेंडा उडालेला आहे. निळ्या झग्याचा रंग पोपडे धरून सुटतो आहे. तिने उजवा हात पुढे केला आहे आणि त्या हातात एक सफरचंद आहे. ती जुनी लाकडी बाई म्हणजे मी. माझे नाव इदुन.

हे नाव तुमच्या ओळखीचे नसेल. उत्तरेकडच्या थंड देशांतल्या जुन्या कथांमध्ये इदुन ही तारुण्याची देवी आहे. तिच्याजवळ सफरचंदांची एक लाकडी पेटी असे. देवांना म्हातारपण जाणवू लागले की ते एक सफरचंद खात आणि पुन्हा ताजेतवाने होत. म्हणजे तिकडचे देव आपोआप तरुण राहत नव्हते. त्यांनाही वेळच्या वेळी काहीतरी करावे लागत असे. एकदा लोकी नावाच्या कपटी देवाने इदुनला फसवले. "रानात तुझ्याहून सरस सफरचंदे लागली आहेत, तुझी पेटी घेऊन चल, ताडून पाहू," असे सांगून त्याने तिला बाहेर नेले. तिथे एक राक्षस गरुडाच्या रूपात टपून बसला होता. त्याने तिला उचलून नेले. मग देवांचे केस पांढरे झाले, पाठी वाकल्या, हात थरथरू लागले. शेवटी त्यांनी लोकीलाच दरडावून तिच्या शोधात धाडले. त्याने ससाण्याचे रूप घेतले, इदुनचे एका अक्रोडात रूपांतर केले आणि तो नखांत धरून तिला परत घेऊन आला.

थोडक्यात, इदुन लांब गेली म्हणून देव म्हातारे झाले. पुष्कळ वर्षे मीही हेच खरे मानत होते. पण इल्फर्डच्या त्या वॉर्डात मी याच्या नेमके उलट घडताना पाहिले. तीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

मी देवी म्हणून जन्मले नाही. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर मी एक पाइनचे झाड होते. तिथल्या एका छोट्या बंदरात शिडाचे एक जहाज बांधत होते. त्याच्या पुढच्या टोकाला, ज्याला तुमच्या कोकणात नाळ म्हणतात, तिथे बसवण्यासाठी मला कोरले. कोरणाऱ्या सुताराने माझा चेहरा आपल्या थोरल्या बहिणीवरून घेतला. ती बहीण फार काळजी करणारी असावी, कारण तारुण्याच्या देवीच्या कपाळावर दोन आठ्या आहेत. जहाजाचेही नाव 'इदुन' होते. आम्ही नॉर्वेहून लाकूड भरून लंडनला यायचो आणि कोळसा भरून परत जायचो. वादळ शमले की खलाशी माझे तोंड पुसत आणि "शाबास, म्हातारे!" म्हणत. त्या वेळी मी अगदी कोवळी होते, तरी मला त्यात कौतुकच वाटे.

मग लोखंडाच्या आगबोटी आल्या. आमचे जहाज जुने झाले, गळू लागले आणि थेम्स नदीच्या काठावर मोडीत निघाले. त्याच्या फळ्यांचे सरपण झाले. मला एका लाकडाच्या व्यापाऱ्याने घरी नेले. तो वारल्यावर त्याच्या पत्नीने मला हॉस्पिटलला देऊन टाकले. अशी मी म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात आले.

त्या काळी वॉर्डात शांतता असे. आता वाटते, ती शांतता चांगली नव्हती. म्हातारी माणसे म्हणजे बिछान्यात नीट झोपवून ठेवायची माणसे, अशी तेव्हा समजूत होती. चादरी पांढऱ्याशुभ्र, उशा फुगवलेल्या आणि माणसे आडवी. कोणी उठत नसे. एकेक जण तसाच, स्वच्छ चादरीत, संपून जाई.

पुढे मिसेस ॲबट आल्या. त्या फिजिओथेरपिस्ट होत्या, म्हणजे हातापायांना पुन्हा कामाला लावणाऱ्या. अंगाने किरकोळ, आवाज मात्र परेड घेणाऱ्यासारखा. आल्या आल्या त्यांनी मला भिंतीच्या कोपऱ्यातून काढून वॉर्डाच्या पार टोकाला, मोठ्या खिडकीशी उभे केले आणि सगळ्यांना नियम सांगितला. ज्याला घरी जायचे असेल त्याने आपल्या बिछान्यापासून चालत यायचे, सफरचंदाला हात लावायचा आणि चालत परत जायचे. ते जमले की पुढे जिन्याचा सराव. जिना जमला की घर.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वर्षे. कोणी चालायची फ्रेम ढकलत येई, कोणी काठी टेकत, कोणी भिंत चाचपत. वाटेत शिव्या देत, दमून थांबत, पण येत. एवढे हात लागून लागून सफरचंदाचा लाल रंग उडाला आणि खालचे लाकूड तुकतुकीत झाले. एक आजीबाई तर घरी जाण्याच्या दिवशी माझ्या गालाची पापी घेऊन गेल्या. समुद्रावर मला असा मान कधी मिळाला नव्हता.

१९६५ च्या पानगळीत हाईम झिराडकर आमच्या वॉर्डात आले. ते मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे घरी मराठी बोलणारे ज्यू. मुंबईत पोलीस बँडमध्ये त्यांनी क्लॅरिनेट वाजवले होते. पत्नी वारल्यावर ते इल्फर्डला मुलीकडे, सोफीकडे, राहायला आले होते. एका शुक्रवारी मासळी घेऊन घरी जाताना स्टेशनबाहेरच्या ओल्या पानांवरून त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन चांगले झाले. आता पायात बळ येण्याचाच काय तो प्रश्न होता.

पण तो प्रश्न मोठा होता. सोफी एकटी होती आणि दिवसभर कारखान्यात कामाला जाई. तिचा फ्लॅट चपलांच्या दुकानाच्या वर होता आणि तिथे जायला एक अरुंद, उभा जिना होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की हाईमकाका स्वतःच्या पायांनी जिना चढू शकले, स्वतःचे स्वतः बाथरूमला जाऊ शकले, तर घरी. नाहीतर मागच्या इमारतीतला लाँग-स्टे वॉर्ड. त्या वॉर्डातून घरी परतलेले कोणी मला आठवत नाही.

"मला जायचंय," हाईमकाका म्हणाले होते. "माझी खुर्ची आहे खिडकीत. तिथून अख्खा बाजार दिसतो. मागच्या इमारतीतून काय दिसतं? धुराडं!"

पहिल्या दिवशी मिसेस ॲबट त्यांना फ्रेम देऊन म्हणाल्या, "मिस्टर झिराडकर, त्या खिडकीतल्या बाईंशी शेकहँड करून परत या."

हाईमकाकांनी दुरूनच मला नीट न्याहाळले. "मॅडम, मूर्तीला हात लावायची आमच्या धर्मात मनाई आहे."

"मग काय करायचं?"

काकांनी जरा विचार केला. "फळाला मनाई नाही," ते म्हणाले आणि निघाले.

ते नेहमी बँडच्या कुठल्यातरी संचलनाची धून नाकात गुणगुणत येत. माझ्याजवळ पोचले की एका बोटाने फक्त सफरचंदाला स्पर्श करीत. माझ्या हाताला चुकूनही नाही. आणि मग मराठीत म्हणत, "काय सफरचंदवाली, आज तरी ताजं आहे का?" माझे मराठीशी पहिले नाते हे असे जुळले.

त्यांचे ते बोलणे एका सकाळी स्टाफ नर्स सुप्रभाने ऐकले. हातातला ट्रे तिने जवळच्या टेबलावर ठेवून दिला.

"काका, तुम्ही मराठी?"

"नाही, चिनी," हाईमकाका म्हणाले. "तू कुठली?"

"कराडची."

"कराडची असून इथं बेडपॅन उचलतेस?"

"तुम्ही बँडवाले असून इथं पडलात ना? तसंच."

हाईमकाका इतके हसले की त्यांना फ्रेमला धरून उभे राहावे लागले. त्या दिवसापासून सुप्रभा त्यांची झाली आणि ते तिचे. सुप्रभाचे वडील आदल्या वर्षी कराडला वारले होते. तार तिच्या हाती पडली तेव्हा तिकडे सगळे आटोपले होते. त्यांच्या आजारपणात आपण जवळ नव्हतो, ही गोष्ट ती कोणाशी बोलत नसे. सकाळी ड्युटीवर आली की मला नमस्कार करताना मात्र कधीकधी तिच्या तोंडून "अण्णा" असा शब्द निघे.

"अगं, तुमच्यातली नाही ती देवी," हाईमकाका तिला चिडवत. "उगाच हात जोडतेस. तिला मराठीसुद्धा येत नाही."

"देवी ती देवी, काका. सगळ्या बहिणी-बहिणीच असतात."

सुप्रभा कामाला वाघ होती आणि तिचे मन लोण्याचे होते. म्हणूनच मिसेस ॲबटशी तिचे जमेना. मिसेस ॲबट हाईमकाकांना स्वतःचे मोजे स्वतः घालायला लावत. काकांना वाकताना त्रास होई, मोजा टाचेला अडके, कपाळाला घाम येई, आणि मिसेस ॲबट शेजारी नुसत्या उभ्या राहत. एकदा हे पाहून सुप्रभा धावत आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही मोजे झटक्यात चढवले.

"लेकीसारखी मुलगी समोर असताना म्हाताऱ्या माणसाने धडपडायचं, याला आमच्याकडे लाज म्हणतात," ती इंग्रजीत म्हणाली.

"आमच्याकडे याला उपचार म्हणतात," मिसेस ॲबट म्हणाल्या. त्यांनी काकांचे मोजे पुन्हा काढले आणि त्यांच्याच हातात दिले.

"ही बाई नाही, हवालदार आहे," हाईमकाका मराठीत पुटपुटले. सुप्रभाने तोंड फिरवून हसू दाबले. पण काकांनी मोजे घातले. डिसेंबर संपता संपता ते दिवसातून बऱ्याचदा माझ्यापर्यंत येऊ लागले होते, आणि मिसेस ॲबट जिन्याच्या सरावाबद्दल बोलू लागल्या होत्या.

जानेवारीत मिसेस ॲबटची बहीण आजारी पडली. त्या रजा घेऊन वेल्सला गेल्या. त्यांच्या जागी दुसरे कोणी मिळेना. "चालणं चालू ठेवा," एवढे त्या सगळ्यांना बजावून गेल्या.

थंडी कडक होती. थंडीत हाडे दुखतात, हे मला ठाऊक नव्हते. लाकूड थंडीत फक्त आखडते. एका सकाळी हाईमकाका वॉर्डाच्या मध्यापर्यंत आले आणि थांबले. चेहरा पांढरा पडला होता, गुणगुणणे बंद होते.

"सुप्रभा, आज राहू दे गं," ते म्हणाले.

सुप्रभाने त्यांना धरून खुर्चीत नेऊन बसवले, पायांवर ब्लँकेट घातले, चहा आणून दिला. तिचे डोळे भरले होते. मग ती तरातरा पोर्टरकडे गेली.

"ती लाकडी बाई इकडे आण. काकांच्या खुर्चीजवळ."

"ॲबटबाई मला सोलतील," पोर्टर म्हणाला.

"त्यांना मी सांगेन. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला कशाला चालवायचं तिथपर्यंत? ते तिच्याकडे जाऊ शकत नाहीत, तर तिनं यावं त्यांच्याकडे. देव येतात भक्तासाठी."

वॉर्डाच्या सिस्टरने, म्हणजे मुख्य नर्सने, हरकत घेतली नाही. त्या महिन्यात दोन पेशंट पडले होते आणि तिला वर जबाब द्यावा लागला होता. चालणे कमी म्हणजे पडणे कमी, असा तिने विचार केला असेल. पोर्टरने मला ढकलगाडीवर चढवले आणि हाईमकाकांच्या खुर्चीला खेटून उभे केले.

हाईमकाकांनी बसल्या बसल्या हात लांबवला आणि एका बोटाने सफरचंदाला स्पर्श केला.

"झालं!" ते मोठ्याने म्हणाले आणि त्यांनी सॅल्यूट ठोकला. सगळा वॉर्ड हसला. कोणी टाळ्या वाजवल्या. सुप्रभा तर हसता हसता डोळे पुसत होती. मित्रांनो, त्या हसण्यात कोणाच्याही मनात वाईट नव्हते. म्हणूनच ते हसणे आठवले की मला जास्त दुःख होते.

त्या संध्याकाळी सोफी डब्यात मासळीची आमटी घेऊन आली. मला तिथे पाहून ती थबकली.

"डॅडी, ही लेडी तुमच्याकडे शिफ्ट झाली?"

"काय करणार? या वयात बायकाच चालत येतात," हाईमकाका म्हणाले.

"तुम्ही पण ना!" सोफी लाजून इकडेतिकडे बघत म्हणाली. मग ती सुप्रभाकडे वळली. "थँक यू हं, सिस्टर. किती करता तुम्ही डॅडींचं. मी जॉबमुळे पोचू शकत नाही, पण तुम्ही आहात म्हणून मला टेन्शन नसतं."

त्यानंतरचे आठवडे हाईमकाकांच्या सुखाचे गेले. सुप्रभा त्यांना काहीही करू देईना. कमोड खुर्चीपाशी येई, जेवण हातात येई, मोजे पायांत येत, चष्मा नाकावर येई. ते जरा उठायला गेले की ती लांबूनच हाक मारी, "काका, बसा! मी आहे ना!" ते बसत. दोघे कराडच्या आणि मुंबईच्या गप्पा मारत. रोज एकदा काका माझ्या सफरचंदाला बोट लावत आणि म्हणत, "आजचं झालं."

मी त्यांच्या अगदी समोर उभी होते. त्यामुळे जे कोणाला दिसत नव्हते ते मला दिसत होते. ब्लँकेट सरकले की दिसणाऱ्या त्यांच्या पोटऱ्या दिवसेंदिवस बारीक होत होत्या. गुडघे खुर्चीच्या आकारातच राहू लागले होते. झोपल्यावरही ते सरळ होत नसत. त्यांच्या सपातांचे तळवे नव्यासारखे स्वच्छ होते. मी झाड होते, तेव्हा वाऱ्याने मला वर्षानुवर्षे हलवले म्हणून माझे खोड घट्ट झाले. ज्या रोपाला वाऱ्यापासून आडोसा करून बांधून ठेवतात, ते सोडल्यावर कोलमडते. माणसाच्या पायांचेही तसेच असावे, फक्त झाडाला जे व्हायला ऋतू लागतात, ते माणसाला काही आठवड्यांत होते. मला हे ओरडून सांगायचे होते. पण सुताराने माझे ओठ मिटलेले कोरले होते.

तेव्हा मी माझ्याच कथेचा पुन्हा विचार केला. इदुन सफरचंदे घेऊन देवांच्या दारोदार फिरत होती, असे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. देवांना तिच्याकडे जावे लागत असणार. कदाचित निम्मे औषध सफरचंदात असेल आणि निम्मे त्या जाण्यात. कथेत हे कुठे सांगितलेले नाही. मला ते हाईमकाकांच्या पोटऱ्यांकडे बघून सुचले.

मार्चमध्ये मिसेस ॲबट परत आल्या. त्याच सकाळी डॉक्टरांची मोठी फेरी होती आणि हाईमकाकांच्या घरी जाण्याचा निर्णय व्हायचा होता. त्यासाठी सोफीने कारखान्यातून सुट्टी घेतली होती. काकांचा कोटही ती बरोबर घेऊन आली होती.

मिसेस ॲबट वॉर्डाच्या दारातच थांबल्या. त्यांनी आधी खिडकीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हिला इथं कोणी आणलं?"

"मी," सुप्रभा म्हणाली. "त्यांना फार दुखत होतं."

मिसेस ॲबटनी ब्लँकेट बाजूला सारून काकांच्या पोटऱ्या चाचपल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

डॉक्टर आले. ते प्रेमळ गृहस्थ होते. "चला मिस्टर झिराडकर, उभे राहून दाखवा," ते म्हणाले.

हाईमकाकांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला. ते थोडे उचलले गेले. गुडघे सरळ होईनात. ते परत बसले. त्यांनी धून गुणगुणायला सुरुवात केली आणि पुन्हा जोर दिला. पाय लटपटले आणि धून मध्येच तुटली. सुप्रभा सवयीने पुढे धावली. मिसेस ॲबटनी तिचा दंड धरला.

हाईमकाकांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. "डॉक्टरसाहेब, मी रोज हात लावत होतो हिच्या सफरचंदाला," ते म्हणाले. "एक दिवस चुकवला नाही. विचारा कोणालाही."

 सोफीने हातातल्या कोटाची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

मिसेस ॲबटनी हार मानली नाही. त्यांनी मला त्याच दिवशी खिडकीशी नेऊन ठेवले आणि त्या काकांच्या मागे लागल्या. पण गुडघे आखडले होते. प्रत्येक वेळी असह्य वेदना होई. त्यातच काकांच्या छातीत कफ भरला आणि असलेली शक्तीही गेली. खरे सांगायचे तर शरीराच्या आधी त्यांच्या मनानेच उठणे सोडले होते. वसंत संपायच्या आत त्यांना मागच्या इमारतीत हलवायचे ठरले.

"सिस्टर, तुम्ही तर रोज सांगत होतात, काका मजेत आहेत," सोफी सुप्रभाला म्हणाली. ती रागावली नव्हती. तिला खरेच कळत नव्हते. "मी त्यांची खुर्ची हलवलीसुद्धा नव्हती हो खिडकीतून."



जायच्या दिवशी ती काकांच्या बिछान्याशी उभी होती. "काका, मी तुमचं घर घालवलं," ती म्हणाली.

"रडू नको. लाड केलेस माझे. माझ्या आईनंतर कोणी केले नव्हते." काकांनी तिच्या हातावर थोपटले. "पण सुप्रभा, पुढच्या म्हाताऱ्याचे करू नकोस हं."

चाकाच्या खुर्चीतून त्यांना नेताना पोर्टरने मुद्दाम माझ्याजवळ थांबवले. हाईमकाकांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा हात मात्र मांडीवरच राहिला. पुढच्या हिवाळ्यात ते मागच्या इमारतीत वारले. सोफीच्या जिन्यावर त्यांचे पाऊल पुन्हा पडले नाही.

माझ्या पुढच्या आयुष्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मिसेस ॲबट निवृत्त झाल्या. १९७० च्या सुमारास वॉर्डाला नवा रंग दिला, भिंतीला स्टीलचे कठडे बसवले, टेलिव्हिजन आणला. टेलिव्हिजनसमोर माझी अडचण होऊ लागली. काही वर्षे मी बॉयलरच्या खोलीत उंदरांच्या सोबतीने काढली. मग कोणालातरी वाटले की बागेत शोभेल, म्हणून मला इथे आणून उभे केले. पाऊस, धुके, पाखरांची शिट. हिवाळ्याच्या ओलाव्याने मी फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. कोणी मला तेल लावत नाही की रंग देत नाही. कोणी माझ्याकडे चालत येत नाही, हे मात्र त्याहून जास्त जाणवते.

गेल्या वर्षीचा, १९७६ चा, उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. पावसाचा थेंब नव्हता, गवत वाळून पिवळे पडले होते आणि माझ्या पाठीला मोठी चीर गेली. त्या उन्हात एका दुपारी सुप्रभा बागेत आली. आता ती स्वतः सिस्टर झाली होती आणि केस कानांजवळ पिकले होते. तिच्यासोबत तिची आई होती. आई कराडहून लेकीकडे आली होती आणि इथेच तिला अर्धांगाचा सौम्य झटका आला होता. बरोबर अलका नावाची शेजारीण होती.

सुप्रभाने आईला फाटकाशी काठी देऊन उभे केले आणि स्वतः पुढे येऊन माझ्याजवळच्या बाकाशी थांबली.

"सुप्रभे, हात दे की!" आई ओरडली.

"नाही आई. तू ये."

"अगं, पोटची पोर ना तू माझी? का मागल्या जन्मीची सासू?"

"सासू समज. पण ये."

आईने एक पाऊल टाकले. डावा पाय फरफटला. ती डगमगली, सावरली आणि लेकीच्या सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली.

"अहो सुप्रभाताई, द्या की हात," अलका कळवळून म्हणाली. "बघवत नाही हो."

"मलाही बघवत नाही, अलका." सुप्रभाने दोन्ही हातांनी बाकाची पाठ आवळून धरली होती. तिची बोटे पांढरी पडली होती. "तू तिच्या मागं राहा, पडली तर धर. पण पडल्याशिवाय धरू नकोस."

खूप वेळ लागला. आई मध्येच थांबली, रडली, पुन्हा शिव्या देऊ लागली, पुन्हा निघाली. शेवटी ती बाकाशी पोचली आणि धपकन बसली. लेकीकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

"चहा तरी देशील, का तोही मीच करू?"

सुप्रभाने थर्मासमधून चहा ओतला आणि कप बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. आईने कपाकडे पाहिले, लेकीकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. मग ती डावा हात लांबवत सरकू लागली. सुप्रभाने मान वळवली. ती मागच्या इमारतीच्या धुराड्याकडे बघत राहिली.

मित्रांनो, मी एक मोडकी लाकडी देवी आहे, कोणाला तरुण करणे माझ्या हातात नाही. मला रंग द्या की देऊ नका. पण तुमच्या घरात कोणी आजोबा असतील, आजी असेल, तर त्यांचे चालणे त्यांच्याकडून काढून घेऊ नका. ते चप्पल शोधत असतील तर शोधू द्या. दारापर्यंत येत असतील तर येऊ द्या. त्यांना वेळ लागेल आणि तुमचा जीव तुटेल. तरी थांबा. हाईमकाकांचा तो वेळ, ते कष्ट, आम्ही सगळ्यांनी मिळून मोठ्या मायेने वाचवले. त्यांना घरी मात्र कोणी नेऊ शकले नाही.